रेघ जिथं विरते

उद्यमबागेत, फौंड्रीच्या पाठीला पाठ लावून
आमची शेड. आत एक विमान,
म्हणजे विमानाचं नुसतं तोंड:
मौनेश बडिगेरनं रंधून दिलेलं प्लायवूड,
दोन खुर्च्या, चार पडदे,
काचेपुढं प्रोजेक्टरचं आभाळ.
शेजारी साचा पाडला की आभाळ थरथरतं.

पहिल्या चाचणीला कॅप्टन हलगेकर आले.
सांबऱ्याला पोरांना उडायला शिकवतात,
आणि कुठंही गेले तरी डबा घरचा.
मी मुद्दाम वारा चुकीचा भरला होता.
जांबोटीवर ढग, इंधन बेताचं,
आणि यंत्रानं पडद्यावर काढली
गोव्याकडं जाणारी हिरवी रेघ,
इरकलीच्या काठासारखी अखंड.
ते निघाले रेघेवरून.
चौथ्या मिनिटाला घाट अंगावर आला.

पडदे काळे. पंखा तेवढा फिरत राहिला.
हेडफोन गळ्यात ओढून ते म्हणाले,
“विचारच केलो नाही बघ मी.
एवढी देखणी रेघ. शंका ठेवू कुठं?”

वहीत लिहिलं: वैमानिकाची चूक.
रात्री खोडलं.
देखणी मी केली होती.
तीन आठवडे तिची जाडी, तिचा हिरवा,
वळणावरची गोलाई;
शंकेला जागा सोडायचं
माझ्या यादीतच नव्हतं.

पलीकडे परशराम काका भट्टीपुढं उभे असतात.
मीटर आकडा दाखवतो,
ते आधी रसाचा रंग बघतात, मग आकडा,
मग पुन्हा रंग.
दोन्ही जुळले तर हात वर करतात.
नाही जुळले तर
सगळी फौंड्री थांबते, आणि कुणी बोलत नाही.
“मीटर खोटा नाही गं,” काका म्हणाले,
“खरं त्याला काय दिसेना झालंय
ते तो सांगेना.”

आणि सांबऱ्यात एकदा एक घर शोधत होते.
कोपऱ्यावर एक म्हातारा, मांडीवर शेंगांचं सूप.
मी मराठीत विचारलं, तो कानडीत म्हणाला,
गोत्तिल्ला री.
माहीत नाही.
लाज नाही, घोळ नाही, उगीच दाखवलेलं बोट नाही.
मग मराठीत: “शाळेजवळ विचार.
पोस्टमन आत्ताच तिकडं गेलाय.”
इतका चांगला नकाशा
मी आजवर काढलेला नाही.

मग रेघ उसवायला घेतली.
यंत्राची खात्री आहे तिथवर ठसठशीत,
पुढं धागे सुटलेले,
आणि सुटल्या टोकाशी बारीक अक्षरात:
वारा मोजून चाळीस मिनिटं झाली.
ढगाची उंची अंदाजानं.
डावीकडं खिडकीतून बघा.
दुसरी वाट हुबळीची, तीही तितकीच फिकट,
तिच्यापुढं तिची कारणं, तिची भीती.
शिफारस कुठंच लुकलुकत नाही.

दुसऱ्या चाचणीला हलगेकर थांबले.
मी सेकंद मोजत होते.
बोट पडद्याजवळ गेलं, मागं आलं.
त्यांनी खरंच मान वळवून
डावीकडचं प्रोजेक्टरचं आभाळ बघितलं,
ओठात काहीतरी पुटपुटले,
एक आकडा, बहुतेक इंधनाचा.
सात. आठ.
शेजारी साचा पडला, सगळे ढग हलले.
अकरा.
हुबळी.

पुण्याहून फोन आला: नवा पडदा जुन्याहून
अकरा सेकंद हळू का?
मी म्हटलं, पडदा तितकाच जलद आहे.
पलीकडं कुणीतरी कागद उलटले.
अहवालात तो रकाना
अजून रिकामा आहे.

चाचणी संपल्यावर हलगेकर खुर्चीतच बसून होते.
“बरोबर झालं काय? गोवा उघडा होता काय?”
यावेळी वारा मी भरलाच नव्हता.
संगणकाला नेमून दिला होता, माझ्याही नकळत,
आणि नोंद ठेवायची विसरले होते.
म्हटलं, गोत्तिल्ला री.

ते हसले नाहीत.
मान हलवली,
प्लायवूडच्या कडेवर डबा टेकवला
आणि झाकण उघडलं.